मांडवातील ऐक्यविधी : सत्यशोधक विवाहाचा आपला वारसा

गेल्या काही वर्षांत आपल्या प्रवराकाठच्या गावांतील लग्नसमारंभांचे स्वरूप झपाट्याने पालटले आहे. दारापुढचा मांडव मागे पडला, त्याच्या जागी मंगल कार्यालय आले आणि आता हमरस्त्याच्या कडेची हिरवळीची मैदाने, ज्यांस सर्वजण ‘लॉन्स’ म्हणतात, लग्नकार्यासाठी सजू लागली आहेत. उघड्या आकाशाखालच्या या समारंभांत काही नवे विधीही शिरत आहेत. वधूवर दोन रंगांची वाळू एका काचपात्रात ओततात. कोणी दोन ज्योतींनी मिळून एक दीप उजळतात. कोणी एकाच रोपास दोन घरच्या विहिरींचे पाणी घालतात. दोन जिवांचे ऐक्य डोळ्यांना दिसावे, हा या सर्वांमागील हेतू आहे.

वडील मंडळी या प्रकारांस नाके मुरडतात आणि तरुण मंडळी वडिलांस जुन्या वळणाचे ठरवितात. परंतु दोन्ही पक्षांच्या ध्यानी एक गोष्ट येत नाही. ‘दोघांना एक करणारा खरा विधी कोणता?’ हा प्रश्न आजचा नव्हे. आपल्याच समाजातील एका थोर पुरुषाने दीडशे वर्षांपूर्वी तो जाहीरपणे विचारला, त्याचे उत्तर दिले आणि त्या उत्तरापायी अनेक साध्या कुटुंबांनी बहिष्कार व कोर्टकचेऱ्या सोसल्या. त्या इतिहासाची ओळख ज्ञातिबांधवांस व भगिनींस करून द्यावी, एवढ्याच हेतूने हा लेख सादर केला आहे.

जुन्या मांडवातील बंध

उघड्यावरचे लग्न आपणांस नवे नाही. आपल्या आजेपणजांची लग्ने अंगणात, खळ्यावर किंवा देवळापुढील पटांगणातच लागत. मांडवाचा पहिला खांब, म्हणजे मुहूर्तमेढ, रोवली की कार्याला आरंभ होई. सायंकाळी गुरे रानातून परतताना उडणाऱ्या धुळीच्या वेळेस गोरज मुहूर्त म्हणत आणि त्या वेळी लागलेले लग्न शुभ मानीत.

या मांडवात ऐक्याचे विधी पुष्कळ होते. आंबा, जांभूळ, उंबर, सौंदड, रुई अशा झाडांच्या डहाळ्या वाजतगाजत आणून देवक बसविले जाई, म्हणजे कुळाचे झाडाशी असलेले नाते प्रथम स्मरले जाई. वधूची उष्टी हळद, वराच्या उपरण्याची वधूच्या शेल्याशी मारलेली गाठ, दोघांभोवती गुंडाळलेले सूत्र, मधला अंतरपाट दूर होताच झालेले दर्शन, सप्तपदी आणि शेवटी एकमेकांस भरविलेला घास, हे सारे ‘दोघे आता एक’ असेच सांगत असत.

यांपैकी किती विधींस पुरोहित लागत असे, हे पाहण्यासारखे आहे. देवक घरचे मेहुण आणी. हळद सुवासिनी लावीत. मडकी कुंभार देई. गाठ करवली मारी. म्हणजे कार्याचा मोठा भाग गावाच्या व घरच्या माणसांच्या हातून पार पडे. तथापि जो थोडा भाग भटजींच्या मुखातून उच्चारला जाई, त्यावाचून लग्न लागलेच नाही अशी समजूत होती. ग्रामजोशीपण हे वतन असल्यामुळे दक्षिणेवरही त्यांचा वंशपरंपरेचा हक्क मानला जाई.

आणखी एक उणीव होती, ती याहून मोठी. सप्तपदीचा आशय खरोखर सुंदर आहे. अन्न, बल, संतती असे मागत मागत सातवे पाऊल सख्यासाठी टाकावयाचे असते. परंतु ते संस्कृत शब्द वधूला कळत नसत, वराला कळत नसत आणि भोवती जमलेल्या शेतकरी मंडळींसही कळत नसत. ज्या वचनाने दोन आयुष्ये बांधावयाची, ते वचन देणाऱ्यांनाच ठाऊक नसे. महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके या उणिवेवर बोट ठेवले.

१८७३ सालचे पहिले लग्न

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुणे येथे सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. माणूस आणि त्याचा निर्मिक यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही, हे या समाजाचे मूलतत्त्व होते. जे तत्त्व देवपूजेला लागू तेच विवाहालाही लागू, हे उघड होते. अवघ्या तीन महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सीताराम जबाजी आल्हाट आणि बजूबाई निंबणकर यांची कन्या राधा यांचा विवाह पुरोहितावाचून लागला. या कार्यात सावित्रीबाईंनी पुढाकार घेतला होता आणि खर्च म्हणावा तर पानसुपारीचाच.

पुढील वर्षी, ७ मे १८७४ रोजी, ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांचा विवाह पर्वती येथील नारायणराव विठूजीराव शिंदे यांची कन्या काशीबाई हिच्याशी याच पद्धतीने झाला. विरोध मोठा झाला. नात्यागोत्यातील माणसे दुरावण्याची भीती त्या काळी केवढी होती, याची कल्पना आज करणे कठीण आहे. भटजीवाचून लावलेल्या लग्नाला लग्न म्हणावयाचे की नाही, अशा लग्नाच्या पोटी आलेल्या मुलीला पुढे कोण करून घेईल, हे प्रश्न घरोघर विचारले गेले असतील. त्या दोन घरांनी तरीही माघार घेतली नाही.

काळाने त्या शंकेला कसे उत्तर दिले पाहा. याच ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी ४ फेब्रुवारी १८८९ रोजी जोतीराव-सावित्रीबाईंचे दत्तकपुत्र यशवंत यांचा विवाह झाला. यशवंत हे एका ब्राह्मण विधवेचे पुत्र. म्हणजे हा विवाह सत्यशोधक तर होताच, शिवाय जातीची भिंत ओलांडणाराही होता. लग्नापूर्वी मुलीला आपल्या घरी आणून ठेवावे, तिने घर व वर दोन्ही पारखून घ्यावेत, ही व्यवस्था सावित्रीबाईंनी केली होती. भावी सुनेची पसंती विचारात घेणारी सासू त्या काळी किती असतील?

शब्द हाच विधी

१८८७ साली जोतीरावांनी ‘सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधि’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. या पद्धतीचा गाभा अत्यंत साधा आहे. मंगलाष्टके मराठीत आहेत आणि ती तिऱ्हाइताने म्हणावयाची नसून वधूवरांनी एकमेकांस उद्देशून म्हणावयाची आहेत. वर आपले मनोगत सांगतो, तेव्हा वधू केवळ मान खाली घालून उभी राहत नाही. ती स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न काढते, ते हक्क मानण्याचे वचन त्याच्याकडून मागते आणि ते मिळाल्यावर त्याचा स्वीकार करते. मग परस्परांस माळा घातल्या जातात, जमलेली मंडळी पुष्पवृष्टी करतात आणि लग्न लागते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. वाळू नाही, दीप नाही, सूत्र नाही. दोघांना एक करणारी वस्तू म्हणजे दोघांना कळेल अशा भाषेत, चारचौघांसमक्ष, दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द. ज्या काळात नवरीचा आवाज मांडवात उखाण्यापुरताच ऐकू येई, त्या काळात तिला अट घालण्याचा अधिकार देणे ही केवढी क्रांती होती! वधूने प्रश्न विचारावयाचा तर तिला तो समजण्याचे वय असले पाहिजे, म्हणून या पद्धतीच्या पोटात बालविवाहाचा निषेधही आपोआप आलाच.

ओतूरचा दावा

नवा विधी लिहिणे सोपे असते, तो गावात पाळणे कठीण असते. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरची लग्ने भटजीवाचून लावली. त्यावर गावच्या जोशांनी न्यायालयात दावा लावला. तुम्ही आम्हांस बोलाविले नाही तरी वतनाप्रमाणे दक्षिणा आम्हांस मिळाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

हा तंटा वरवर पाहता थोड्या रुपयांचा, परंतु त्यात मोठा सिद्धान्त गुंतलेला होता. लग्न कोणाच्या हातून लावावयाचे हे घरधन्याने ठरवावे की वतनाने? एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात चाललेले हे प्रकरण कनिष्ठ न्यायालयांतून थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर निकाल सत्यशोधकांच्या बाजूने लागला. जोशांना न बोलाविता लावलेल्या लग्नाबद्दल यजमानाने त्यांस दक्षिणा देण्याचे कारण उरले नाही. आज वधूवर आपल्या इच्छेनुसार हवा तो विधी निवडतात, तेव्हा त्या निवडीची वाट ओतूरच्या एका पाटलाने स्वतःच्या पैशाने व मनस्तापाने मोकळी केली आहे, हे विसरू नये.

आपल्या जिल्ह्यातील धागा

ही पुण्याकडची हकीकत झाली, तिच्याशी आमच्या कोल्हारचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. पहिला पाण्याचा. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांवर बागायत करण्यासाठी सासवडकडील अनेक माळी कुटुंबे या जिल्ह्यात येऊन वसली. ती कुटुंबे येताना नुसती उसाची बेणी घेऊन आली नाहीत. पुणे प्रांतातील सत्यशोधकी विचारांचे वारेही त्यांच्यासोबत इकडे आले.

दुसरा संबंध छापील शब्दाचा. नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटील यांनी ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक चालविले. १९१० साली सोमठाणे येथे ते सुरू झाले, पुढे तरवडीस आले आणि १९६७ साली मुकुंदरावांच्या निधनापर्यंत त्यांनी ते नेटाने चालू ठेवले. मुकुंदराव हे ‘दीनबंधु’कार कृष्णराव भालेकर यांचे पुत्र, तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेलेले. शहरापासून दूर, एका खेड्यात छापखाना उभारून अर्धशतकाहून अधिक काळ पत्र चालविणे हा पराक्रमच होय. कर्ज काढून लग्न करू नका, न कळणाऱ्या मंत्रांवर विसंबू नका, मुलींना शिकवा, हा सत्यशोधकी उपदेश त्यांनी शेतकऱ्याच्या भाषेत आपल्या जिल्ह्याच्या घराघरांत नेला. म्हणून सत्यशोधक विवाह ही नगर जिल्ह्यास परकी गोष्ट नव्हे.

इतरांनी काय केले

हा प्रश्न जगात इतरत्रही उपस्थित झाला. इंग्लंडातील क्वेकर पंथाच्या लग्नात धर्मगुरू नसतोच. मंडळी शांत बसतात, वधूवर उभे राहून एकमेकांस वचन देतात आणि उपस्थित सर्वजण विवाहपत्रावर साक्षीदार म्हणून सह्या करतात. १७५३ च्या इंग्रजी विवाह कायद्याने सर्वांस चर्चमधील लग्न बंधनकारक केले, तेव्हाही क्वेकरांस त्यातून वगळावे लागले. आपल्या देशात शीख बांधवांच्या ‘आनंद’ विवाहास १९०९ साली स्वतंत्र कायद्याने मान्यता मिळाली. तमिळ प्रदेशात पेरियार रामस्वामी यांच्या स्वाभिमान चळवळीने पुरोहितावाचून लग्ने लावली. अण्णादुराईंच्या मंत्रिमंडळाने १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात आपल्या राज्यापुरती दुरुस्ती करून, नातलग किंवा मित्रांसमक्ष परस्परांचा स्वीकार जाहीर करून माळ वा अंगठी घातली अथवा ताली बांधली तरी विवाह पूर्ण होतो, असे ठरविले. महाराष्ट्रात १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध बांधवांनी त्रिशरण-पंचशील व परस्पर प्रतिज्ञा यांवर आधारलेली सुटसुटीत विवाहपद्धती स्वीकारली.

इतकेच काय, सरकारी नोंदणी विवाहाचा गाभाही शब्दच आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार विवाह अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमक्ष, पक्षांस समजणाऱ्या भाषेत, ‘मी तुझा पती म्हणून वा पत्नी म्हणून स्वीकार करतो’ अशा अर्थाचे वाक्य दोघांनी उच्चारल्याखेरीज तो विवाह बंधनकारक होत नाही. जोतीरावांच्या मंगलाष्टकांपासून हे तत्त्व फार दूर नाही.

कायद्याविषयी सावधगिरी

येथे पालकांस एक व्यवहाराची गोष्ट सांगणे अवश्य आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे वधू किंवा वर यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी विवाह लागू शकतो. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण व बंधनकारक होतो. परंतु कोणताच मान्य विधी न करता केवळ नोंदणीचा कागद मिळविला तर त्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे. वाळू ओतणे हा आपल्याकडील कोणाचाही रूढ विधी नाही. म्हणून हौसेने काही करावयाचे ते करावे, पण लग्न कोणत्या पद्धतीने लागले याविषयी संदिग्धता ठेवू नये. लग्नाची नोंदणी वेळेवर करून घ्यावी. ज्यांना कोणताच धार्मिक विधी नको असेल, त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन विवाह करावा, हा निर्वेध मार्ग होय.

नव्या विधींची पारख

आता आजच्या मांडवाकडे वळू. वाळूच्या विधीची कथा अशी की, परदेशांत दोन ज्योतींनी एक मेणबत्ती पेटविण्याची प्रथा होती. उघड्यावर वारा ती विझवी, म्हणून वाळू आली. आपल्याकडे प्रवरेच्या पात्रात वाळू आधीच दुर्मीळ झाली आहे, तेव्हा तिचे ऐक्य करण्यापेक्षा तिचे रक्षण करणे अधिक पुण्याचे! परंतु विनोद बाजूला ठेवला तरी कोणत्याही विधीला, मग तो जुना असो वा नवा, तीन प्रश्न विचारावेत असे आम्हांस वाटते.

पहिला प्रश्न, त्याचा अर्थ वधूवरांस कळतो काय? दुसरा, त्यात वधूचा शब्द वराच्या शब्दाइतकाच ऐकू येतो काय? आणि तिसरा, त्याने कोणाच्या डोक्यावर कर्ज किंवा कोणाच्या कपाळी अपमान येत नाही ना?

या तिसऱ्या प्रश्नाकडे आपल्या समाजाने विशेष लक्ष द्यावे. कालव्याच्या पाण्याने आणि सहकारी साखर कारखान्याने आपल्या भागात समृद्धी आणली. प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला. पण पैसा आला तसा लग्नाचा थाटही वाढला. हुंड्यास १९६१ च्या कायद्याने बंदी असली तरी तो मानपान, वाहन, सोने अशी नावे बदलून वावरतच आहे. दोन एकर रान विकून दोन तासांचे लग्न करणारा बाप पाहिला की, वधूवरांचे ऐक्य झाले पण बापाचे घर मात्र दुभंगले, असे म्हणावे लागते. संत गाडगेबाबा जन्मभर कीर्तनांतून हेच सांगत फिरले.

आणि अपमानाचे म्हणाल तर मांडवात वधूची किंवा वराची विधवा आई कोठे उभी असते, ते पाहा. जिने एकटीने लेकराला वाढविले, तीच हळद लावताना व औक्षण करताना मागे सरते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींस तो कित्ता गिरविण्याचे आवाहन केले. एका गावाला जे जमले ते आपल्या ज्ञातीला का जमू नये? दोन ज्योतींनी एक दीप लावावयाचाच असेल, तर त्या ज्योती दोन्हीकडच्या मातांच्या हाती द्याव्यात, मग त्या सुवासिनी असोत वा नसोत. त्या दिवशी तो दीप खरा ऐक्याचा दीप होईल.

एक नम्र सूचना

जुने सारे टाकावे असे आमचे म्हणणे नाही. देवकाच्या डहाळ्यांनी झाडांशी नाते सांगितले जाते, ते ठेवावे. त्याच्या जोडीला एक आंब्याचे वा उंबराचे रोप लावावे, मात्र छायाचित्र काढून त्याला विसरू नये. हळद ठेवावी, परंतु ती लावण्याचा मान सर्व स्त्रियांना द्यावा. अक्षतांचे तांदूळ पायदळी तुडविण्याऐवजी फुलांच्या पाकळ्या उधळाव्यात. आपण पिढीजात फुलांचे बागाईतदार, आपल्याला फुलांची काय वाण? आणि या सर्वांच्या मध्यभागी सत्यशोधक पद्धतीची मराठी मंगलाष्टके वधूवरांनी स्वतःच्या तोंडाने म्हणावीत. ती आधी आठ-पंधरा दिवस दोघांनी मिळून वाचावीत व समजून घ्यावीत. या निमित्ताने लग्नाआधी दोघांचे जे बोलणे होईल, ते पुढील संसारास फार उपयोगी पडेल.

काही वडील मंडळींस भीती वाटते की, असे केल्याने आपण देवाधर्मास मुकू. त्यांनी ध्यानात घ्यावे की जोतीरावांनी निर्मिकास नाकारले नाही. त्याच्या आणि आपल्यामधला मध्यस्थ तेवढा दूर केला. काही तरुणांस वाटते की, हे जुने झाले, काहीतरी नवीन हवे. त्यांनी ध्यानात घ्यावे की, नवरीने भर मांडवात आपल्या हक्काचे वचन मागावे, याहून नवीन गोष्ट आजही आपल्या गावांत फारशी दिसत नाही.

आपल्या ज्ञातिसंस्थेने या पद्धतीने लग्न लावू शकणाऱ्या जाणत्या स्त्रीपुरुषांची यादी तयार ठेवावी, मंगलाष्टकांची पुस्तिका मागेल त्या कुटुंबास द्यावी आणि वधूवर मेळाव्यात तिची माहिती सांगावी. खर्च नगण्य आहे. सीताराम आल्हाट आणि राधाबाई यांच्या लग्नाला पानसुपारी पुरली. त्या लग्नातला दिलेला शब्द मात्र दीडशे वर्षे टिकून आहे. येत्या लग्नसराईत आपल्यापैकी एखाद्या घरच्या मांडवात तो पुन्हा ऐकू यावा, हीच कुलस्वामिनीच्या चरणी प्रार्थना.